स्लोव्हाकियात नवीन आहात? 'दो ओका' आधी शिका

नित्राच्या जग्वार लँड रोव्हर कारखान्यात (2018 साली सुरू झालेला, मालकी टाटा समूहाची) पुण्याहून कामाला आलेले असोत की ब्रातिस्लाव्हात शिकायला आलेले, पहिल्या महिन्यात ओळखींचा सपाटा लागतो. नवा साहेब, घरमालक, खोलीतला जोडीदार, शेजारीण. आणि भेट झाली की स्लोव्हाक मंडळी हमखास विचारतात, "ताक चो, पाद्लि स्त्ये सि दो ओका?" शब्दशः, 'मग काय, एकमेकांच्या डोळ्यात पडलात का?' म्हणजे पहिल्याच भेटीत जमलं का. उत्तर लांबवू नका. जमलं असेल तर "ह्न्येत्य!" (लगेच!), फारसं नसेल तर "वेल्यमि न्ये".

उच्चाराचं आधी उरकू. वर 'पा' लिहिलं असलं तरी तो आखूड आहे, 'पाणी'तल्यासारखा लांबवू नका. स्लोव्हाकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळतात. 'द' आणि 'त' आपलेच, दाताला जीभ लावून. इंग्रजी 'ड' इथे नको. 'त्य', 'न्य' म्हणताना जीभ टाळूला टेकवा. आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, पण 'दो ओका'त तो 'दो'वर येतो आणि दोन्ही शब्द एका दमात म्हणतात. तुटक 'दो... ओका' लगेच परकं वाटतं.

आता व्याकरण. इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे आणि बहुतेक जण इंग्रजीतून विचार करून तो घालवतात. आपण 'मला तो फ्लॅट आवडला' म्हणतो. कर्ता फ्लॅट, आपण 'मला'. स्लोव्हाकमध्ये अगदी तसंच: "तेन बित मि पादोल दो ओका." 'मि' म्हणजे आपलं 'मला', आपला 'मी' नव्हे. 'भरला, भरली, भरलं' याप्रमाणे क्रियापदही लिंगानुसार बदलतं. खोली असेल तर "ता इझ्बा मि पाद्ला दो ओका", गाडी असेल तर "तो औतो मि पाद्लो दो ओका". लिंग मात्र मराठीवरून ठरवायला जाऊ नका. आपली गाडी ती, त्यांची 'औतो' नपुंसक. शब्द व्यंजनानं संपला तर बहुधा पुल्लिंगी, 'आ'नं संपला तर स्त्रीलिंगी, 'ओ'नं संपला तर नपुंसक. अनेकवचनात सुटका आहे: पुरुष, बायका, वस्तू, सगळ्यांना एकच 'पाद्लि'.

सर्वांत जास्त गोंधळ 'सि'चा होतो. 'एकमेकांना' या अर्थाचा 'सि' आम्ही, तुम्ही, ते, कोणासाठीही बदलत नाही. पण 'तू'च्या भूतकाळातलं सहायक क्रियापदही 'सि'च आहे. "पादोल सि येय दो ओका" याचा अर्थ 'तू तिच्या नजरेत भरलास'. इथे 'एकमेकांना' काही नाही, सगळं एकतर्फी आहे. ओळखायचं कसं? क्रियापद एकवचनी (पादोल, पाद्ला) आणि शेजारी 'येय' (तिला) किंवा 'मु' (त्याला) दिसलं की तो 'तू'वाला 'सि'.

'स्मे' ('आम्ही'च्या भूतकाळातलं सहायक क्रियापद) आणि 'सि' हे छोटे शब्द वाक्यात दुसऱ्या जागेवर बसतात, तेही याच क्रमानं. "ह्न्येत्य स्मे सि पाद्लि दो ओका" बरोबर. काहीच आधी नसेल तर क्रियापद पुढे येतं: "पाद्लि स्मे सि दो ओका". नकारासाठी 'न्ये' क्रियापदालाच चिकटवा: "न्येपाद्लि स्मे सि दो ओका". चेक मित्रांकडून हाच वाक्प्रचार 'य्स्मे' लावून ऐकू येईल. स्लोव्हाकियात तो 'य' गाळा.

कोणाशी जमलं ते सांगताना 'मी आणि ती' अशी जोडी लावायची गरज नाही. "स कोलेगिन्योउ स्मे सि पाद्लि दो ओका" एवढ्यात 'माझं आणि सहकारिणीचं जमलं' हे येतं, 'मी' त्या 'स्मे'तच आहे. पुढचा शब्द स, श किंवा झ या ध्वनींनी सुरू झाला तर 'स'चा 'सो' होतो: सो शेफोम (साहेबाशी), सो सुसेदोम (शेजाऱ्याशी).

हे क्रियापद एका क्षणात घडून गेलेल्या गोष्टीचं आहे, त्याला वर्तमानकाळ नाही. "उर्चित्ये सि पाद्न्येत्ये दो ओका" म्हणजे 'तुमचं नक्की जमेल', भविष्यकाळ. सहा महिन्यांनी हळूहळू जमलं असेल तर हा वाक्प्रचार वापरू नका. 'हळूहळू दो ओका' ऐकून लोक हसतील.

वापर कुठे? घर बघून आल्यावर, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत खुशाल. नोकरीच्या मुलाखतीत तो फार घरगुती वाटतो, तिथे "झाउयाला मा वाशा पोनुका" (तुमच्या प्रस्तावानं माझं लक्ष वेधलं) म्हणा. इथे 'मि' नाही, 'मा'. आणि सहकारिणीबद्दल एकतर्फी "पाद्ला मि दो ओका" म्हणालात तर ऐकणारा भुवई उंचावणार, कारण त्यात आकर्षणाची छटा आहे. कामापुरतं पटलं असेल तर "साद्लि स्मे सि" बरं. त्याचा दुसरा अर्थ 'आम्ही बसलो' असाही होतो, पण संदर्भावरून कळतं.

'दो ओका'च्या जागी चुकून 'ना ओको' तोंडात आलं तर अर्थ 'वरवर, दिखाव्यापुरतं' असा उलटा होतो. "बिये दो ओची" तर टोचण्याइतकं उठून दिसणाऱ्या गोष्टीला म्हणतात, कौतुकाला नव्हे. आणि डोळ्यात खरोखरच कचरा गेला असेल तर औषधाच्या दुकानात वाक्प्रचार बाजूला ठेवून सरळ सांगा: "माम न्येचो व ओकु."