हसणारा बिबट्या

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून पहिली नेमणूक मिळाली ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत. सहावीच्या वर्गात विचारलं, ‘कोणतं जनावर काढूया?’ सगळे एका सुरात ओरडले, ‘वाघ!’ मी फळ्यावर पट्टे ओढायला लागले तसा मागून आवाज आला, ‘बाई, पट्टे नाय, ठिपके.’ इकडे वाघ म्हणजे बिबट्या. पट्टेवाला तो ढाण्या वाघ, आणि तो पोरांनी पुस्तकातच पाहिलेला.

मग मी पट्टे पुसून कोर्समध्ये शिकले होते तसं सुरू केलं. मोठं वर्तुळ, त्यात छोटं वर्तुळ, वर दोन कान, खाली जबडा, जबड्यात चार सुळे. अर्ध्या तासात माझ्यासमोर चौतीस बिबटे होते. चौतीसही सारखे आणि एकूण एक हसणारे. एका मुलाने शेजाऱ्याच्या वहीत डोकावून जाहीरही केलं, ‘बाई, ह्याचा वाघ हसतोय!’ त्याचा स्वतःचाही हसतच होता. नव्याने शिकवायला लागणाऱ्या प्रत्येकाच्या वर्गात हे होतं, म्हणून आधी ते का होतं ते सांगते.

मुलं जबडा माणसाच्या तोंडासारखा काढतात. दोन्ही टोकं वर गेली की झालं हसू. मग आत कितीही सुळे भरा. बिबट्या गुरगुरतो तेव्हा वरचा ओठ उचलला जातो, नाकावर आडव्या सुरकुत्या पडतात, कान मागे चपटे होतात. दुसरी चूक डोळ्यांची. राग दाखवायचा म्हणून मुलं डोळे वाटोळे, टपोरे काढतात आणि जनावर घाबरलेलं दिसतं. वरच्या पापणीची रेघ सपाट करून बुबुळाचा वरचा भाग झाकायला सांगा. एवढ्या एका रेघेने चेहरा पालटतो. पाचवी-सहावीच्या मुलांना हे लगेच जमतं. पहिली-दुसरीच्या मुलांना यातलं काहीही सांगू नका, त्यांचा बिबट्या हसू दे.

खरं तर मी आता चेहऱ्यापासून सुरुवातच करत नाही. तोंड आधी काढलं की ते कागदभर होतं आणि अंगाला जागा उरत नाही. आधी पाठीचा कणा, एकाच लांब रेघेत. मग छातीचा पिंजरा, मग मागचा पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, आणि डोकं सगळ्यात शेवटी, वाटतं त्यापेक्षा लहान. दबा धरून चालणाऱ्या बिबट्याचं डोकं पाठीच्या रेघेच्या खाली येतं आणि खांद्याची हाडं वर उठून दिसतात. दरारा त्या खांद्यांत असतो. तोंड मिटलेलं असलं तरी चालतं. मिटल्यावर सुळे दिसतही नाहीत.

हे फळ्यावर समजावून कुणाला कळलं नाही. मग बाकं भिंतीला लावली आणि निम्म्या वर्गाला चार पायांवर रांगायला लावलं. उरलेल्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून खांद्याची हाडं कशी आळीपाळीने वर येतात ते पाहायचं. दहा मिनिटं नुसता गोंधळ, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. पण त्यानंतर कुणाचीही पाठ पाटासारखी सपाट आली नाही. मागचा पायही असाच कळतो. ‘बाई, ह्याचा गुडघा उलटा का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. तो गुडघा नसतोच, ती टाच असते. मांजरकुळातले प्राणी बोटांवर चालतात. मुलांना चवड्यावर उभं करा, टाच कुठे जाते ते त्यांनाच दिसेल.

नमुना म्हणून मी मांजर वापरते. वाघाची मावशी गावात घरोघर आहे आणि फुकट आहे. गृहपाठ असा: मांजर बसताना, दबकताना, ताणताना तीन-तीन रेघांत टिपून आणायची, खोडरबर बंद. चालताना तिची नखं आत ओढलेली असतात, बिबट्याचीही तशीच. तेव्हा चालत्या पंजाला खिळ्यांसारखी नखं लावू देऊ नका. फरक फक्त डोळ्यातल्या बाहुलीचा. उन्हात मांजरीची बाहुली उभी चीर होते, बिबट्याची गोलच राहते.

फोटो देणार असाल तर नीट पारखून द्या. बाजारातल्या एका तक्त्यावर मला बिबट्या म्हणून चक्क चित्ता छापलेला सापडला होता. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ आणि अंगावर भरीव ठिपके असतील तर तो चित्ता. ठिपक्यांच्या कड्यात आणखी ठिपके असतील तर तो अमेरिकेतला जग्वार. बिबट्याची कडी आतून मोकळी आणि कडेने तुटकी असतात. डोकं, पाय आणि पोटावर मात्र ठिपके भरीव.

या कड्यांसाठी भेंडी कापा. ठशांची भेंडी सगळ्यांनी पहिलीत वापरलेली असते, पण इथे ती खरोखर उपयोगी पडते. ठसा अर्धाच दाबायचा, म्हणजे कडं तुटकं उमटतं. पोटाच्या वळणाकडे ठसे लहान आणि दाट होत गेले पाहिजेत, नाहीतर बिबट्यावर छापील चादर टाकल्यासारखी दिसते. पायांवर करंगळीचे ठसे. तेली खडू वापरत असाल तर काळा सगळ्यात शेवटी आणि तळहाताखाली रद्दी कागद.

एक चित्र मात्र माझ्या यातल्या कुठल्याच सूचनेत बसलं नाही. आमच्याकडे बिबट्या विहिरीत पडणं नवीन नाही. वनखात्याची माणसं येतात, बाज, म्हणजे खाट, नाहीतर पिंजरा सोडतात, काठावर गाव जमतं. सातवीतल्या एका मुलाने बिबट्या वरून काढला. गोल विहीर, काळं पाणी, बाजेला बिलगलेली ओली पाठ आणि मागे वळलेले दोन कान. तोंड दिसतच नव्हतं. मी ते एका स्पर्धेला पाठवलं. ‘प्राणी ओळखू येत नाही’ असा शेरा मारून त्यांनी ते परत केलं. आमच्या वर्गात प्राणी ओळखायला कुणालाही क्षणभर लागला नव्हता. त्या शेऱ्यावर पांढरा कागद चिकटवून मी चित्र वर्गात लावलं.

कागद नेहमी आडवा द्या आणि डिंक जवळ ठेवा. बिबट्याची शेपूट मुलांना वाटते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि कागद हमखास कमी पडतो. मी जोडपट्टी देते. गेल्या वर्षी एकाची शेपूट तिसऱ्या पट्टीवर गेली, तेव्हा शेजारच्याने त्याला विचारलं, ‘तुझा वाघ घरी कधी पोचणार?’