मित्राच्या घरचं लग्न, मांडवाचं कापड आणि तुमचा कॅमेरा: या चुका टाळा

चोपडा तालुक्यात मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मे महिना, दारातच मांडव, खांबांना केळीचे खुंट. "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना, मग फोटोग्राफर कशाला?" मित्र म्हणाला आणि मीही कॉलर ताठ करून हो म्हटलं. रात्री लॅपटॉप उघडला तर नवरी भगवी, नवरदेव भगवा, अंतरपाटही भगवा. पंगतीतला साधा भात केशरीभात दिसत होता.

कॅमेऱ्याचा दोष नव्हता, डोक्यावरच्या कापडाचा होता. केशरी कापडातून गाळून आलेला उजेड केशरीच. आपले डोळे त्याला पाच मिनिटांत सरावतात आणि कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, अर्ध्यावरच हात टेकतं. त्यात एका गालावर कापडाचा रंग आणि दुसऱ्यावर बाजूने येणारा पांढरा उजेड असेल, तर घरी बसून काही होत नाही. एक गाल सुधारला की दुसरा निळा पडतो.

म्हणून आदल्या दिवशीच मांडववाल्याला गाठा आणि नवरा-नवरी उभे राहतील तेवढ्या भागावर पांढरं कापड टाकायला सांगा. नाहीच जमलं तर एका बाजूची कनात गुंडाळून वर बांधा. कोणती, ते भटजींना विचारून ठरवा, कारण जोडप्याचं तोंड कुठे हे तेच सांगणार. फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सहज बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये काढा. त्याच जागी कुणाचा तरी पांढरा रुमाल धरून एक फोटो घेऊन ठेवा, नंतर रंग जुळवायला तो उपयोगी पडतो. फ्लॅश वर छताकडे मारू नका. कापडावर आपटून तोही रंग घेऊनच खाली येतो.

भिंतींचंही तसंच. चुन्याची पांढरी भिंत म्हणजे फुकटचा रिफ्लेक्टर, समोर उभं राहिलं की चेहरा उजळतो. पण भिंत पोपटी असेल, तर नवरीची हनुवटीही पोपटी.

दुसरी चूक, भरदुपारी ग्रुप फोटो. जळगाव-भुसावळकडचं ४४-४५ अंशांचं ऊन डोक्यावर असताना डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात आणि सगळे कपाळाला आठ्या घालून उभे. निंबाखाली नेलं तर पानांतून कवडसे पडून चेहरे कबरे होतात. घराची सलग सावली शोधा, सावलीच्या कडेला माणसं उभी करा, तोंडं मोकळ्या आभाळाकडे. तीन रांगा असतील तर लेन्सचं छिद्र (अपर्चर) लहान, एफ/८ ठेवा. एफ/२ च्या मोठ्या छिद्रावर मागचे मामा धूसर झाले तर ते वर्षभर बोलून दाखवतील. नावं पुकारायला घरातलाच खणखणीत आवाजाचा माणूस घ्या, तुम्हाला कोण आत्या आणि कोण मावशी हे कळणार नाही. तोवर पाठीमागून "भो, मना बी एक फोटो काढ ना" सुरूच असतं. काढा. नकार देण्यापेक्षा ते लवकर उरकतं.

अंतरपाट दूर होतानाचा क्षण परत मिळत नाही. समोर उभे राहिलात तर पाठी आणि मोबाइलच दिसतील. बाजूला, दोन्ही चेहरे दिसतील अशी जागा शेवटचं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत धरा. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर अक्षता हवेत थांबतात, १/६० ला त्यांच्या रेघा होतात. फोकस आधीच चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर कॅमेरा उडणाऱ्या तांदळावर जातो.

रात्री वरातीत एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० करून पाहा. धाब्याचं, म्हणजे सपाट छताचं घर असेल तर परवानगी घेऊन वर चढा, वरातीचा असा फोटो खालून मिळत नाही.

कॅमेरा आणि मोबाइल उन्हात खाटेवर टाकू नका. मोबाइल गरम होऊन ऐन वेळी कॅमेराच बंद करतो. थंड राहावा म्हणून ओल्या गमछ्यातही गुंडाळू नका, मी एकाला तसं करताना पाहिलंय. घरात, माठापासून लांब ठेवा.

जेवणाचा आग्रह होणारच. वरण-बट्टी, वर तूप, घोटलेली वांग्याची भाजी. पाठवणीआधी दोनच बट्ट्या खा, तिसरीनंतर मला गाडीपर्यंतही धावता आलं नव्हतं.

कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा आणि मित्राने फोटो बघेपर्यंत फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अल्बमला छापताना धूसर येतात.