व्हीपीएन बंद केल्यावर इंटरनेट गेलं? कुठे अडलंय ते आधी शोधा

माझी वहिनी सांगलीत घरून हिशेबाचं काम करते. मागच्या पावसाळ्यात व्हीपीएन चालू असतानाच दिवे गेले, राउटर बंद पडला. दिवे आले, राउटरचे हिरवे दिवे लागले, फोनवर व्हिडिओ चालायला लागले, पण लॅपटॉपवर काहीच उघडेना. कोपऱ्यात वायफायच्या जागी नुसता पृथ्वीचा गोल. दुकानदाराने पाहताक्षणी सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल." तिच्या तीन वर्षांच्या फायली त्यात होत्या. मला फोन आला आणि दहा मिनिटांत नेट सुरू झालं, एकही फाईल न हलवता. म्हणून आधीच सांगतो, एवढ्या कारणासाठी कुणालाही संगणक फॉरमॅट करू देऊ नका.

व्हीपीएन म्हणजे तुमची नेटवरची सगळी वाहतूक एका बंद बोगद्यातून दुसऱ्या सर्व्हरपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर. जोडताना ते तुमच्या संगणकात काही बदल करतं. स्वतःचं एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतं, सगळी वाहतूक त्यातून वळवतं आणि डीएनएसचा पत्ता बदलतं. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. काही व्हीपीएन प्रॉक्सीही, म्हणजे ब्राउझर आणि नेटच्या मधला मध्यस्थही, लावतात. बऱ्याच व्हीपीएनमध्ये किल स्विच असतो. बोगदा तुटला तर उघड्यावरून काही जाऊ नये म्हणून तो सगळं नेट अडवून धरतो. नीट डिस्कनेक्ट केलं तर हे सगळं जागच्या जागी परत येतं. वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा सॉफ्टवेअर मध्येच कोसळलं, तर यातलं काहीतरी तसंच राहून जातं. तेच शोधायचं आहे. हे मार्ग विंडोज ११ चे आहेत. विंडोज १० मध्ये नावं थोडी इकडेतिकडे असली तरी काम तेच.

पायरी १ : नेट घरापर्यंत येतंय का?

फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर एखादं पान उघडा. डेटा बंद करायला बरेच जण विसरतात आणि मग तासभर भलतीकडेच शोधत बसतात. फोनवरही नेट नसेल तर व्हीपीएनचा काही संबंध नाही. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा, नाहीतर केबलवाल्याला फोन करा.

पायरी २ : ज्याने कडी लावली त्यालाच काढायला लावा

बहुतेक लोक इथेच चुकतात. रागाच्या भरात व्हीपीएन काढून टाकतात, आणि किल स्विचने लावलेली अडवणूक कधीकधी मागे राहते. म्हणून आधी तेच ॲप उघडा. जोडता आलं तर एकदा जोडा आणि डिस्कनेक्टचं बटण दाबून नीट तोडा. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये किल स्विच बंद करा. 'ऑलवेज ऑन' किंवा 'ऑटो कनेक्ट' असं काही चालू असेल तर तेही बंद करा. ॲप आधीच काढून टाकलं असेल तर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणून तेच पुन्हा बसवा, हेच सगळं करा आणि त्यानंतर काढा.

आता संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन नको. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा साठवला जातो आणि बिघाडही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. वहिनीचं काम इथेच झालं होतं.

पायरी ३ : पिंग करून पाहा

अजून नेट नसेल तर अंदाजाने बटणं दाबत बसू नका. पिंग म्हणजे दुसऱ्या संगणकाला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळ्या खिडकीत पिंग, मग एक जागा सोडून १.१.१.१ लिहा. शब्द आणि आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी. हा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा सार्वजनिक डीएनएस. गूगलचा ८.८.८.८ सुद्धा चालेल. मग तसंच पिंग गूगल डॉट कॉम करून पाहा.

आकड्याला 'रिप्लाय' येतो पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग तुमच्या वायफायची प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' अशी ओळ आहे. ती मॅन्युअल दिसली आणि तुम्ही स्वतः कधी तसं केलेलं नसेल, तर एडिट दाबून ऑटोमॅटिक करा. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून फ्लशडीएनएस. याने साठवलेले जुने पत्ते पुसले जातात.

दोन्हींना उत्तर येतं पण ब्राउझर उघडत नाही, तर प्रॉक्सी पाहा. नेटवर्क अँड इंटरनेटमध्येच 'प्रॉक्सी' आहे. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१ असेल, तर ब्राउझर तुमच्याच संगणकातल्या बंद पडलेल्या व्हीपीएनच्या दारावर थाप मारत बसलाय. ते बंद करा. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सीची स्वतःची वेगळी सेटिंग असते, ती त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावी लागते.

आकड्यालाही उत्तर नाही आणि 'जनरल फेल्युअर' असं लिहून येतंय, तर बहुतेक वेळा किल स्विचची अडवणूक अजून हटलेली नसते किंवा आभासी कार्ड मध्ये तडमडतंय. नेटवर्क अँड इंटरनेटच्या तळाशी 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' मध्ये सगळी कार्डं दिसतात. ज्याच्या नावात टॅप, विनटन, वायरगार्ड किंवा तुमच्या व्हीपीएनचं नाव आहे, ते डिसेबल करा. वायफाय किंवा इथरनेटला हात लावू नका. पण तेच डिसेबल झालेलं दिसलं तर मात्र एनेबल करा.

पायरी ४ : रीसेट, अगदी शेवटी

सर्चमध्ये सीएमडी लिहा, त्यावर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. नेटएसएच विनसॉक रीसेट अशी आज्ञा द्या. यातला पहिला शब्द म्हणजे नेट आणि त्याला जोडून एस, एच. मग रीस्टार्ट. तरीही नाहीच जमलं तर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट'. हे बटण सगळी नेटवर्क कार्डं काढून नव्याने बसवतं. फायलींना धक्का लागत नाही, पण वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागू शकतो आणि व्हीपीएनही पुन्हा बसवावा लागू शकतो. पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर दुसऱ्या पायरीनंतर फक्त पिंग करून पाहा आणि तिथेच थांबा. तिथला व्हीपीएन आणि प्रॉक्सी कंपनीच्या धोरणाने लावलेले असतात. तुम्ही काढलेत तरी ते परत येतील, किंवा कामाचे सर्व्हर दिसेनासे होतील. आयटीवाल्यांना फोन करा आणि पिंगला काय उत्तर आलं ते जसंच्या तसं वाचून दाखवा. नुसतं "नेट चालत नाही" म्हणण्यापेक्षा त्यांचं काम कितीतरी सोपं होतं.

नेट आलं की लगेच एकदा व्हीपीएन जोडा, पाच मिनिटं वापरा आणि तोडा. पुन्हा नेट गेलं तर बिघाड त्या ॲपमध्येच आहे. ते अपडेट करा. त्यानेही फरक पडला नाही तर आधी किल स्विच बंद करून ॲप काढा आणि रीस्टार्ट करून नव्याने बसवा. गोपनीयतेसाठी किल स्विच तुम्हाला खरंच हवा असेल, तर सगळं सुरळीत झाल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरू नका.