लाल पडलेले जुने रंगीत फोटो: ऑटो बटण सोडा, लेव्हल्स वापरा

आईबाबांच्या लग्नाचे, 1984 चे, दादरच्या हॉलमधले फोटो सगळे लालसर झालेत, आईचा हिरवा शालू चक्क तपकिरी दिसतो आणि ऑटो करेक्शन मारलं की चेहरेच निळे पडतात. शेवटी गिम्प या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जमलं, फुकट आहे.

1. प्रिंट 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात सेव्ह करा आणि काम कॉपीवरच करा.
2. भोवतीची पांढरी कड आधी क्रॉप करा, नाहीतर पुढच्या पायरीतला, फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा ग्राफ फसवतो.
3. कलर्समध्ये लेव्हल्स उघडा आणि वर चॅनल (म्हणजे फोटोतला एकेक मूळ रंग) रेड निवडा. ग्राफचा डोंगर जिथे सुरू होतो तिथे डावा काळा त्रिकोण आणा, जिथे संपतो तिथे उजवा पांढरा. मग ग्रीन, मग ब्लू, तसंच. खरी जादू इथेच आहे, तिसऱ्या चॅनलला शालू परत हिरवा झाला आणि आईला हाक मारून दाखवला!
4. तरी लाली उरली तर रेडचा मधला त्रिकोण थोडा उजवीकडे.
5. बुरशीचे ठिपके सगळ्यात शेवटी, हील टूलने, कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करायचं आणि डागावर छोट्या ब्रशने टिचक्या मारायच्या.

एक सांभाळा, मुंबईच्या दमट हवेत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात, तो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काच बाहेरून पुसून काचेसकट स्कॅन करा.