ऑफिस लावायचंय? आधी कॅशियरला विचारा

रत्नागिरीत पतसंस्था, वकील, आंबा व्यापारी यांची ऑफिसं मी लावून देते, आणि माझी कामाची पद्धत फ्लॉरेन्स नॉल यांच्याकडून घेतलेली आहे. १९१७ साली अमेरिकेत जन्मलेल्या या बाई नामवंत वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह यांच्याकडे शिकलेल्या आर्किटेक्ट. पुढे नवऱ्याच्या फर्निचर कंपनीत त्यांनी 'प्लॅनिंग युनिट', म्हणजे ऑफिसांची आतली मांडणी आखणारा विभाग, उभं केलं. १९५५ साली नवरा अपघातात गेला, तेव्हा सगळी कंपनीच त्यांनी सांभाळली. 'डेकोरेटर' म्हटलेलं त्यांना खपत नसे, आणि मलाही खपत नाही.

त्यांचं युनिट आधी चौकशी करायचं: कोण काय काम करतं, त्याला काय लागतं. तुम्हीही तसंच करा. शिपाई, क्लार्क, कॅशियर यांच्याजवळ बसा, साहेबांना शेवटी विचारा. पतसंस्थेत पिग्मी एजंट संध्याकाळी सगळे एकदमच येतात आणि पैसे मोजायला त्यांना टेकायलाही जागा नसते. चेअरमन हे कधीच सांगत नाहीत, कॅशियरबाई बसल्या बसल्या सांगतात. काउंटरची लांबी त्यावरून ठरते.

मग साहेबांचं टेबल. त्या काळी अमेरिकेत भलंमोठं टेबल खोलीच्या कोपऱ्यात तिरकं मांडायची रीत होती. नॉलबाईंनी ते काढून साधं, सुटसुटीत टेबल सरळ ठेवलं आणि खण-कपाटं मागच्या बुटक्या कॅबिनेटमध्ये नेली. आपल्या दहा बाय बाराच्या केबिनला हे फार उपयोगी पडतं. फक्त ते कॅबिनेट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. झड त्याच बाजूने येते, जांभा पाणी ओढतो आणि फायलींना बुरशी धरते. दुसऱ्या भिंतीलाही चार बोटं फट सोडा आणि खाली पाय द्या. प्लाय ७१० ग्रेडचा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा, घ्या, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं सील करून घ्या. समुद्र जवळ असेल तर स्क्रू ३१६ स्टीलचे, खाऱ्या हवेत सहसा न गंजणारे. महाग पडतात, तरी घ्याच.

त्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे कागदावर खऱ्या कापडाचे आणि लाकडाचे तुकडे चिकटवून केलेला प्लॅन. आर्किटेक्ट एरो सारिनन १९६१ साली वारले. त्यांनी आखलेल्या न्यूयॉर्कच्या सीबीएस या टीव्ही कंपनीच्या इमारतीचं अंतर्गत काम नॉलबाईंकडे आलं, इतक्या मोठ्या कामाच्या त्या बाई. तुमच्या दोन खोल्यांना ग्राफपेपर पुरेल. एका फुटाला अर्धा इंच धरा, टेबल-खुर्च्या कापून ठेवा, त्यावर सोफ्याच्या कापडाचा, लॅमिनेटचा तुकडा चिकटवा आणि तो कागद सगळ्या स्टाफला दाखवा. कॅटलॉगमधल्या फोटोवर भुलू नका.

कापडाचा एक मोठा तुकडा आषाढभर त्याच खोलीत टांगून ठेवा. वास आला किंवा काळे ठिपके पडले, तर दुसरं कापड बघा. सुताराला ॲडव्हान्स द्यायचा तो त्यानंतर.