गुडघे कुरकुरतात? मग कार्डिओ असा निवडा

गुडघा दुखतो म्हणून चालणं सोडलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि त्यांनी पेलायचा भारही सांध्यावरच येतो. दुसरीकडे, सोमवारी उत्साहात दोरीच्या उड्या सुरू करणाऱ्याला शुक्रवारी शेकायची पिशवी शोधावी लागते. या दोन्हींच्या मधली वाट काढायची, तर कोणत्या कार्डिओत, म्हणजे ठोके आणि दम वाढवणाऱ्या व्यायामात, गुडघ्यावर किती भार पडतो हे आधी माहीत हवं.

सपाट रस्त्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो तिपटीच्या पुढे जातो. घरातल्या किंवा जिममधल्या स्थिर सायकलवर, रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) हलका असेल तर, तो सव्वापटीच्या आसपास राहतो. छातीभर पाण्यात उभं राहिलं की मुळात वजनच पाव ते एक तृतीयांश उरतं.

आधी सांधा बघा. गुडघा सुजलेला आहे, हाताला गरम लागतो, मध्येच अडकतो किंवा चालताना दगा देतो, असं असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. चालताना छातीत दुखत असेल किंवा दम लागून थांबावं लागत असेल, तरीही तेच. मधुमेह असेल तर बुटात पाय घालण्याआधी आणि काढल्यावर तळवे रोज बघा. पायाची संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळत नाही.

मग कधी दुखतं ते पाहून निवडा. पाय टेकला, वजन आलं की दुखतं? सायकल किंवा पाण्यात चालणं. जिना उतरताना, मांडी घालून उठताना, म्हणजे गुडघा खोल वाकल्यावर दुखतं? सपाट रस्त्यावर चाला, आणि सायकल घेतलीच तर सीट कमी ठेवू नका. टाच किंवा घोटा दुखत असेल तर सायकल बरी. कंबर धरत असेल तर पाठीला टेकू असलेली सायकल बघा. हँडलवर ओणवं होऊन कंबर आणखी आखडते. पोहता येत असेल तर उत्तमच, फक्त बेडकासारखे पाय मारायचा ब्रेस्टस्ट्रोक टाळा, त्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. पोहता येत नसलं तरी बिघडत नाही, कमरेपेक्षा खोल पाण्यात नुसतं पुढे-मागे चालणं हाही पुरेसा व्यायाम आहे.

सायकल निवडली असेल तर सीटवर पाच मिनिटं घालवा. ‘सायकलने गुडघे दुखतात’ या तक्रारीत बरेचदा दोष सीटच्या उंचीचा असतो. सीटवर नीट बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो, साधारण २५ ते ३५ अंश. एवढंच हवं. सीट खाली राहिली तर वाटीच्या पुढच्या भागात दुखतं. फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि पेडल मारताना ढुंगण डावी-उजवीकडे डुलतं. मागून कुणाला तरी बघायला सांगा, लगेच दिसेल. उंची ठरली की सीटच्या दांड्यावर मार्करने खूण करा, कारण घरातलं दुसरं कुणीतरी ती बदलणारच. रेझिस्टन्स हलका ठेवून मिनिटाला ६० ते ८० फेरे मारा. जड पेडल दाबत हळूहळू फिरवण्यात घाम येतो खरा, पण भार गुडघ्यावरच पडतो.

किती करायचं? पहिले दोन आठवडे १० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, एक दिवसाआड. त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक वेळेत २-३ मिनिटं वाढवा. वेळ आणि जोर एकाच आठवड्यात वाढवू नका, नाहीतर दुखलं तर कशामुळे ते कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तरी चालेल. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, अशा वेळी ठोके मोजणाऱ्या घड्याळापेक्षा ही बोलण्याची कसोटी भरवशाची. आणि १०,००० पावलांचं दडपण नको: तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय तपासणीतून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब करा. व्यायाम करताना शून्य ते दहापैकी दोन-तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर ठीक चाललंय. सकाळी उठताना गुडघा नेहमीपेक्षा जास्त ताठर किंवा सुजलेला वाटला तर एक दिवस विश्रांती आणि पुढच्या वेळी मिनिटं निम्मी. दोनदा असं झालं तर व्यायामाचा प्रकार बदला.

चालायचं ठरवलं असेल तर सोसायटीतल्या उंचसखल पेव्हर ब्लॉकपेक्षा मैदानाचा मातीचा ट्रॅक बरा, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी दिशा बदला, म्हणजे वळणाचा ताण एकाच पायावर पडत नाही. पुण्यातल्यांना टेकडीचा मोह होतो. चढायला फारशी हरकत नाही, पण पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या उतरायच्याही असतात. पहिले तीन महिने तो बेत पुढे ढकला.