ऐप्टेशिया असा गेला

राजारामपुरीत आमच्या घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची टाकी आहे. नव्या खडकासोबत तिच्यात एक तपकिरी, अर्धपारदर्शक ऐप्टेशिया, म्हणजे उपद्रवी समुद्रफूल (सी ॲनिमोन) आला. इवलासा होता, म्हणून चिमट्यानं ओढून काढला. तिथंच चुकलं. त्याच्या बुडाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवा उगवतो. महिन्या-दीड महिन्यात पंधरा-वीस झाले. त्यांच्या डंखानं शेजारचे झोअँथस (फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद) मिटूनच राहू लागले, बघून जीव तुटायचा.

औषध नको होतं. ऐप्टेशिया खाणाऱ्या तीन पेपरमिंट कोळंब्या आणल्या आणि दोन तास थेंब-थेंब पाणी मिसळत सोडल्या, कारण खारटपणातला अचानक बदल त्यांना सोसत नाही. चार दिवस काहीच नाही. मग कोळंब्यांना उरलंसुरलं मिळू नये म्हणून माशांचं रात्रीचं खाणं कमी केलं. एका रात्री लाल टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर एक कोळंबी ऐप्टेशियाच्या देठाला भिडून लचके तोडत होती! तीन आठवड्यांत लहान सगळे संपले. दोन मोठ्यांना मात्र त्या शिवल्या नाहीत. पंप बंद करून त्यांच्या तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजनं सोडली.

पेपरमिंट कोळंबी घेताना पाठीला कुबड आणि अंगावर पांढरे ठिपके असतील तर थांबा. ती दिसायला तशीच, पण वेगळी कोळंबी, कॅमल श्रिंप; प्रवाळच कुरतडते.